आमच्याकडून ओके आहे

एओएल नावाच्या अमेरिकन कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप इंटरनेटची सेवा कायमची बंद केली. ही बातमी मी बँकेत डबा खाताना वाचली आणि माझ्या तोंडून पहिले उद्गार निघाले ते असे : "म्हणजे अजून होती?" लांबचे एखादे काका वारल्याचे कळले की आपण हेच म्हणतो. मग जरा ओशाळतो, 'मोठा सज्जन माणूस हो' वगैरे म्हणतो आणि त्यानंतर मात्र ते काका दिवसभर पाठ सोडत नाहीत. माझं तसंच झालं. डब्यातली भेंडी संपली तरी कानांत ते जुने सूर वाजतच राहिले. आधी नंबर फिरवल्याची टुंटुंटुं, मग एक लांबलचक शिट्टी, मग तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा चर्रर्र आवाज आणि शेवटी शांतता. या शांततेला आम्ही इंटरनेट म्हणत असू.

भारतातल्या सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगमाने मुहूर्त मोठा नामी काढला होता. आमच्या घरी ते पोचायला मात्र २००१ साल उजाडावं लागलं. आमच्याकडे सगळंच उशिरा येतं. टेलिफोनचंच घ्या. तीर्थरूपांनी नंबर लावला १९८८ साली आणि फोन आला १९९५ मध्ये. मधल्या सात वर्षांत माझी मुंज झाली, ताई दहावी-बारावी होऊन कॉलेजात गेली आणि ज्यांना पहिला फोन करायचा असं ठरलं होतं ते आत्याचे यजमान देवाघरी गेले.

आम्ही तेव्हा ठाण्याला नौपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. तीर्थरूप पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. घरातलं कुठलंही काम बाहेरच्या माणसाकडून करून घेणं हा ते व्यक्तिगत पराभव समजत. नळाचा वायसर, मिक्सरचा ब्रश, मातोश्रींचा चष्मा, सगळं घरच्या घरी. १९९६ साली त्यांनी एक जुनं टेलिफोनचं डबडं पैदा केलं आणि बाहेरच्या खोलीतल्या फोनची वायर भिंतीभिंतीने स्वयंपाकघरात नेऊन तिथे दुसरा फोन बसवला. वायर हातभर कमी पडली म्हणून मोरीच्या भिंतीपाशी एक जोड मारला. इन्सुलेशन टेप संपली होती म्हणून माझ्या दप्तरातली सेलोटेप गुंडाळली. मी टॉर्च धरून उभा होतो. हे वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

संगणक आणला तो लॅमिंग्टन रोडवरून, सुटे भाग जोडून तयार केलेला. त्याच्या पोटात छपन्न केचा मॉडेम होता. छपन्न के म्हणजे सेकंदाला छपन्न हजार बिट. प्रत्यक्षात छपन्न कधीच मिळत नसत, जसा पगार हातात कधीच पूर्ण मिळत नाही. ती चर्रर्र म्हणजे दोन मॉडेमची लग्नाची बैठक असे. ती सुरुवातीची लांब शिट्टी मधल्या यंत्रांना 'तुमचा प्रतिध्वनी दाबायचा उद्योग थांबवा' असं सांगण्यासाठी. मग हा म्हणणार, एवढ्या वेगाने बोलू का? तो म्हणणार, तारेत खरखर आहे, जरा हळू घ्या. देण्याघेण्याची घासाघीस होऊन चव्वेचाळीस हजारांवर ठरे, कधी एकतीसवर आणि पावसाळ्यात एकोणीसवर. बैठक मोडली तर पुन्हा नंबर फिरवा.

हा सारा खटाटोप कशासाठी, तर ताईसाठी. ताई लग्न होऊन न्यू जर्सीला गेलेली. २००१ च्या जूनमध्ये तिला मुलगा झाला आणि जावईबापूंनी त्याचा फोटो ईमेलने पाठवला. चारशे केबीचा एकच फोटो. मी कॉमर्सचा विद्यार्थी, लगेच हिशेब मांडला. सेकंदाला १९,२०० बिट, भागिले आठ, म्हणजे २,४०० बाइट. चारशे केबीला पावणेतीन मिनिटे. आमची लाइन टिके दोन मिनिटे.

तेव्हा फोटो पडद्यावर वरून खाली उतरायचा, नाटकाचा पडदा पडावा तसा. जावईबापूंनी फोटोत निम्मं छत घेतलं होतं. आधी छत आलं, मग दिवा आला, मग टोपडं, कपाळ, भुवया, मिटलेले डोळे आले आणि नाकाचा शेंडा दिसायच्या आत लाइन तुटली. पुन्हा लावली. पुन्हा छत, दिवा, टोपडं, कपाळ. पुन्हा तुटली. आठ दिवस आमचा नातू नाकापर्यंत येऊन परत अमेरिकेला जात होता. मातोश्री पदर खोचून संगणकासमोर बसायच्या. त्यांना जगातल्या अफाट ज्ञानभांडारातलं दुसरं काही नको होतं, नाक कुणावर गेलंय तेवढं पाहायचं होतं.

मग बिघाड शोधायला सुरुवात झाली. संगणक वेगवेगळे आकडे दाखवायचा आणि तीर्थरूप ते वहीत तारीखवार लिहून ठेवायचे. ६८० म्हणजे डायल टोन नाही. ६७६ म्हणजे लाइन व्यस्त. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६९१ म्हणजे परवलीचा शब्द चुकला. आणि ६२९ म्हणजे तुम्ही जिथे फोन लावलात त्या संगणकापासून तुमचा संबंध तोडला गेला आहे. कुणी तोडला ते त्यात नव्हतं. उभा जन्म सरकारी पत्रव्यवहारात गेलेल्या तीर्थरूपांना ती भाषा फार आवडली. "कर्मणी प्रयोग आहे," ते कौतुकाने म्हणाले. "कर्ता कुठेच नाही. मसुदा आमच्यासारख्याच कुणीतरी केलेला दिसतो."

संगणक विकणाऱ्या दुकानाचा पोरगा आला. त्याने पाठीमागचे चार स्क्रू काढले, मॉडेमवर फुंकर मारली, 'डायल टोनची वाट पाहावी' या ओळीपुढची खूण काढून टाकली, कारण म्हणे या मॉडेमला आपल्याकडचा डायल टोन ओळखू येत नाही, आणि म्हणाला, "मॉडेम ओके आहे. लाइनमध्ये लोच्या आहे." नेटच्या कंपनीला फोन केला, तो अर्थात संगणक बंद करून, कारण फोन एकच. तिकडून एका गोड आवाजाने संगणक बंद करून चालू करायला सांगितलं आणि मग म्हणाला, "सर, आमच्याकडून सगळं ओके आहे." १९८ ला टेलिफोनची तक्रार नोंदवली तर तिकडून प्रश्न आला, "आता बोलताय तो आवाज ऐकू येतोय ना? मग फोन चालू आहे." आणि आमच्या घरात दोष असण्याचा तर प्रश्नच नव्हता. वायरिंग तीर्थरूपांचं.

आता गंमत पाहा. या सगळ्यांत खोटं कुणीही बोलत नव्हतं. मॉडेम खरोखरच ओके होता. कंपनीकडूनही ओके होतं. फोनवर आवाजही ऐकू येत होता. थोडी खरखर होती, पण माणसाचा कान मोठा समजूतदार. 'हॅ... पुण्या... गाडी... किती' एवढं ऐकलं तरी आपण 'पुण्याची गाडी किती वाजता' असं जुळवून घेतो. उरलेला अर्धा प्रश्न आपण आपल्या पदरचा घालतो. मॉडेम पदरचं काही घालत नाही. जे आलं नाही ते पुन्हा पाठव म्हणतो आणि चारदा मागूनही नीट मिळालं नाही की उठून जातो. तेव्हा सर्वांचं सर्व खरं होतं आणि नातवाला नाक नव्हतं.

मला तेव्हापासून पडलेला प्रश्न हा. पाच माणसं खरं बोलली की त्या पाच खऱ्यांची बेरीज शून्य कशी येते? खतावणीत असं होत नाही. तिथे प्रत्येक नोंद बरोबर असली की ताळा जमलाच पाहिजे. लहानपणापासून आपल्याला शिकवलं आहे की खरं बोलावं. पण 'आमच्याकडून ओके आहे' हे असं खरं आहे की ते बोलून झाल्यावर माणूस हात झटकून मोकळा होतो. पुढे काही करायचं उरतच नाही. असलं खरं बोलण्यापेक्षा एखादं कामाचं खोटं काय वाईट, असा पापी विचार माझ्या मनात आला. आणि लगेच दुसऱ्याच दिवशी ते कामाचं खोटं सायकलवर बसून आमच्या दारात हजर झालं.

तो आमच्या भागाचा लाइनमन होता. पन्नाशीचा, रेनकोटातून ठिबकणारा, खांद्याला कातडी पिशवी आणि तीत दोन चिमटे लावलेला एक ढेरपोट्या टेलिफोन. त्याच्या येण्याआधी चार दिवस तीर्थरूपांनी वरिष्ठांना इंग्रजीत एक पत्र धाडलं होतं. त्यात 'ग्रॉस निग्लिजन्स' दोनदा होतं आणि 'सदर लाइनमन दिवाळीच्या पोस्तावर डोळा ठेवून मुद्दाम लाइन नादुरुस्त ठेवतो' अशा अर्थाचं एक पल्लेदार वाक्य होतं. या वाक्याला पुरावा काहीही नव्हता, पण इंग्रजी इतकं झकास जमलं होतं की ते खोडायला तीर्थरूपांचा हात धजला नाही. पत्राची स्थळप्रत फाइलला होती. लाइनमनला पत्राची कल्पना होती की नव्हती, देव जाणे. तीर्थरूपांनी दारातच त्याला त्याच आशयाचं थोडं मराठीत ऐकवलं. तो फक्त म्हणाला, "बघू या ना साहेब. वहिनी, जरा पाणी देता का?"

बिघाड कसा शोधावा हे मी त्या अर्ध्या तासात पाहिलं. आधी तो जिन्याखालच्या डबीपाशी गेला, चिमटे लावले, कानाला फोन धरला. स्वच्छ. म्हणजे एक्सचेंजपासून जिन्यापर्यंतची सगळी दुनिया निर्दोष सुटली. मग वर आला, बाहेरच्या खोलीतली डबी उघडली, आत जाणारी वायर सोडवली आणि ऐकलं. स्वच्छ. मग ती वायर परत जोडली आणि माझ्या कानाला फोन लावला. खरखर! जणू कुणी कागदी पिशवी चुरगाळतंय. त्याने कुणालाच दोष दिला नाही. फक्त तार अर्धी करायची आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं, मग ते अर्धं पुन्हा अर्धं करायचं. आम्ही आठ दिवस 'कोण' शोधत होतो. तो आल्यापासून 'कुठे' एवढंच शोधत होता.

वायरीमागोमाग तो स्वयंपाकघरात गेला, मोरीच्या भिंतीपाशी उकिडवा बसला आणि थांबला. भिंतीला ओल आलेली. सेलोटेप पिवळी पडून सुटली होती आणि आतली तांब्याची तार देवळातल्या जुन्या घंटेसारखी हिरवी झाली होती. त्याने तो जोड पाहिला. मग मान वर करून तीर्थरूपांकडे पाहिलं. तीर्थरूप रॉकेलच्या डब्याकडे पाहत होते. मी कुणाकडेच पाहत नव्हतो, कारण सेलोटेप माझी होती.

"आमच्याच कुणीतरी मारलेला जोड दिसतोय," लाइनमन म्हणाला. "हल्लीच्या पोरांना जोड मारता येत नाही, साहेब. त्यात पाऊस."

दोन्ही वाक्यं धडधडीत खोटी. टेलिफोन खात्यातला कुणीही माणूस सेलोटेप वापरत नाही हे त्याला ठाऊक होतं, तीर्थरूपांना ठाऊक होतं आणि मातोश्रींनाही ठाऊक होतं. त्याने जोड कापला, तार खरवडून चकचकीत केली, नवा जोड मारला, काळी टेप गुंडाळली आणि चहा घेऊन गेला. त्या रात्री बैठक चव्वेचाळीस हजारांवर ठरली. नाक आलं. ते हुबेहूब तीर्थरूपांचं होतं. मातोश्रींना ते पाहून झालेला आनंद थोडा संमिश्र होता.

त्या पत्राचं काय झालं ते मात्र सांगितलं पाहिजे. काहीही झालं नाही. तीर्थरूपांनी ते परत घेतलं नाही. परत घ्यायचं तर कारण लिहावं लागतं, आणि ते कारण कर्मणी प्रयोगातसुद्धा लिहिता येण्यासारखं नव्हतं. पुढे चार वर्षं दर दिवाळीला तो लाइनमन आला की तीर्थरूप आतून मातोश्रींच्या हाती पोस्त पाठवायचे, पूर्वीच्या दुप्पट, आणि स्वतः त्या वेळी हटकून अंघोळीला गेलेले असायचे. पाचव्या वर्षी दुसराच कुणी आला. तीर्थरूप आता नाहीत. हा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही नाही.

हे सगळं मी मोठ्या तटस्थपणे लिहितो आहे खरं, पण मीही गेली वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेलो आहे. आमच्याकडे संगणकाचा संपर्क तुटला की म्हणतात, लिंक गेली. जशी काही रुसून माहेरी गेली! गेली म्हटलं की घालवली कुणी हा प्रश्नच मिटतो. आणि आता लपवून काय करायचं, लिंक गेली की आम्हा क्लार्क मंडळींना, शाळेत पावसाची सुट्टी मिळाल्यावर पोरांना व्हायचा तसा आनंद होतो. चेहरा मात्र सुतकी ठेवावा लागतो.

१३ जून २०२५, शुक्रवार. सकाळी अकराला लिंक गेली. माझी शाखा शहापूर तालुक्यात. समोर रांग. मी प्रत्येकाला सांगत होतो, "लिंक नाही. वरूनच प्रॉब्लेम आहे." रांगेत एक आजी होत्या. दर महिन्याला येतात, अंगठा उठवतात, दोन हजार नेतात. सोमवारी शाळा उघडायची होती आणि नातवाच्या वह्या घ्यायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. आजी दोन तास बाकावर बसल्या. एक वाजता त्यांची जीप सुटायची म्हणून उठल्या. मी म्हटलं, "आजी, काय करणार, वरूनच नाही." तर जाताना म्हणाल्या, "तुझं काय चुकलं रं बाबा त्यात."

दीड वाजता मशीन दुरुस्त करणारा इंजिनियर आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. तोही अर्धं अर्धं करत आला आणि माझ्या टेबलाखाली वाकला. तिथे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती डबी असते. तिच्या प्लगवर माझी डब्याची पिशवी टेकली होती आणि प्लग निम्मा बाहेर आला होता. त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, प्लग आत दाबला आणि उभा राहून सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आली वरून लिंक!"

मी रॉकेलच्या डब्याकडे पाहू लागलो असतो, पण बँकेत रॉकेलचा डबा नसतो. कॅलेंडरकडे पाहिलं.

पोरगा भला, त्याने मला वाचवलं. पण तेव्हापासून मी या दोन खोट्यांची तुलना करतो आहे आणि ती काही जुळत नाहीत. लाइनमनने दोष उचलला तो स्वतःच्या खात्यावर घेतला. त्याने काही बुडालं असेल तर त्याचं स्वतःचं. या पोराने दोष उचलला आणि तो 'वर' ठेवून दिला. 'वर' कुणीच राहत नाही, त्यामुळे तिथे कितीही दोष ठेवले तरी कुणी तक्रार करत नाही. माझी अब्रू वाचली, तिची किंमत शाळेच्या पहिल्या दिवशी वह्या नसलेल्या एका पोराने भरली. सोमवारी आजी आल्या, मी दोन हजार दिले, नोटा नव्या कोऱ्या दिल्या, आणि त्यात प्रायश्चित्त झालं असं मानून घेतलं. दुप्पट पोस्त आणि कोऱ्या नोटा हा बहुधा आमचा कुलाचार असावा.

तर ऑक्टोबरात ती डायल-अपची बातमी वाचली, कानांत चर्रर्र झालं, आणि दोन-चार दिवसांनी आजी नेहमीप्रमाणे आल्या. अंगठा उठवून झाल्यावर मी काचेच्या खिडकीतून वाकून हळूच म्हटलं, "आजी, जूनमध्ये तुम्ही परत गेला होता ना लिंक नाही म्हणून, ते वरून काही नव्हतं. माझ्या डब्याच्या पिशवीने प्लग निघाला होता. मी खाली बघितलंच नव्हतं."

आजींना आधी ऐकू आलं नाही. मग मला तेच जरा मोठ्याने सांगावं लागलं. मागच्या रांगेनेही ऐकलं, शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि आतून साहेबांची खुर्ची करकरली.

आजींनी नोटा मोजल्या, पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "मंग पिशवी दुसरीकडं ठेवत जा की."